हिरव्या बांगड्या, दोन-सहा

हे प्रकरण एका फोटोचं आहे, पण तो फोटो इथं दिलेला नाही आणि देणारही नाही. ज्या बाईंचा तो फोटो, त्यांना विचारून लिहितोय. त्यांचं गाव आणि नात्यातले एक-दोन धागे बदललेत. बाकी घडलं तसं.

आम्ही नऊ जण रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन कोल्हापुरात हिंडतो. कधी कपिलतीर्थ मार्केट, कधी लक्ष्मीपुरी, कधी पंचगंगेचा घाट. गटाला नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी चहापुरती. एक बँकेतले, एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, दोघे उद्यमनगरात लेथवर काम करणारे, एक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा. मी शाळेत मराठी शिकवतो. फोटो माझे बेताचेच, पण मराठीचा मास्तर म्हणून फोटोंना नावं द्यायचं काम माझ्याकडं आलं आणि ते मी मिरवतही होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे बिघडलं त्यातला मोठा वाटा त्या नाव देण्याचा आहे.

फोटो काढला तो इंजिनिअरिंगच्या पोरानं. किरणोत्सवाचे दिवस होते. 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला मावळतीचा सूर्य महाद्वारातून सरळ आत शिरतो आणि ढग किंवा पश्चिमेकडच्या इमारती आडव्या आल्या नाहीत तर अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतो. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. गर्दी सगळी आत, मूर्तीकडं तोंड करून. पोरगा मात्र बाहेरच थांबला. त्याचं म्हणणं, तोच उजेड महाद्वार रोडवरही सांडलेला असतो आणि तिकडं कुणी बघत नाही.

35 मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ-8, फोकस दोन मीटरवर आधीच बांधून ठेवलेला. असं केलं की साधारण दीड मीटरपासून सव्वातीन मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. कॅमेरा डोळ्याला लावून फोकस जुळवत बसावं लागत नाही. छातीशी धरूनही बटण दाबता येतं आणि समोरच्याला पत्ता लागत नाही. रस्त्यावरच्या फोटोग्राफीचं निम्मं कसब यातच आहे, आणि निम्मी अडचणही.

चौकटीत बांगड्यांचा ठेला. कासारअण्णांनी बाईंचा हात हातात घेतलाय, अंगठ्याखालची गादी दाबून बांगडी चढवतायत. हिरव्या काचेतून ऊन आरपार गेलंय आणि त्याचा हिरवा डाग मनगटावर पडलाय. बाई चाळिशी ओलांडलेल्या. बांगडी हाडावरून सरकते तेव्हा बायका ओठ चावतात, तोंड वाकडं करतात, या हसतायत. तोंडावर पदर घ्यायला दुसरा हात वर निघालाय आणि अर्ध्यात राहिलाय.

त्या हसण्यावर आम्ही सगळे गार झालो. पोरानं फोटो त्याच रात्री इन्स्टाग्रामवर टाकला होता, सत्तरएक बदाम पडले होते, आणि तेवढ्यावर ते निभावलंही असतं. डिसेंबरात आम्ही प्रदर्शन ठरवलं: शहरातलं एक कलादालन, तीन दिवस, 42 फोटो. निवडीत हा पहिला. मी नाव दिलं 'सौभाग्यलेणं'. ड्रॉइंग मास्तर म्हणाले, "झकास." निमंत्रणपत्रिकेवरही हाच फोटो, त्याखाली हे नाव, त्याखाली 'महाद्वार रोड' आणि तारीख.

प्रदर्शन पाच दिवसांवर आलेलं असताना पोराला मेसेज आला. "दादा, निमंत्रणावरचा फोटो माझ्या आईचा आहे. काढून टाकाल का प्लीज? घरी त्रास होतोय. बाबा जाऊन दीड वर्ष झालं."

पोरानं दोन मिनिटांत पोस्ट उडवली आणि मला फोन केला. "सर, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "काही नाही." तेव्हा मला तसंच वाटत होतं.

मग मूळ फाइल मोठी करून बघितली. कपाळावर काही नव्हतं. पदर घट्ट घेतलेला, तरी गळ्याचा जेवढा भाग दिसत होता तिथं मंगळसूत्राचा काळा मणी नव्हता. आम्ही नऊ जणांनी तो फोटो तीन आठवडे पाहिला होता. उजेड पाहिला, हात पाहिले, कोपऱ्यातला अर्धा कापलेला माणूस ठेवायचा की नाही यावर वाद घातला. कपाळ कुणी पाहिलं नाही. हिरव्या बांगड्या दिसल्या आणि पुढचं सगळं आम्हीच भरून टाकलं. बाईंच्या दिरांनी तेच कपाळ मोबाइलच्या बोटभर चित्रात ओळखलं.

ते त्यांच्यापर्यंत पोचलं कसं, हेही बघण्यासारखं आहे. निमंत्रण आम्ही प्रत्येकी पंधरा-वीस ग्रुपवर टाकलं होतं. लेथवाल्या दोघांपैकी एकाचा मेहुणा त्यांच्या तालुक्यातला. त्यानं ते गावातल्या दूध संस्थेच्या ग्रुपवर ढकललं, आपल्या पाहुण्याचं प्रदर्शन म्हणून कौतुकानं. त्या ग्रुपवर दीर, दिराचे मित्र, सरपंच, निम्मी भावकी. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिकेची लोकसंख्या 5,49,236 होती. या आकड्यात चेहरा हरवत नाही. इथं दोन अनोळखी माणसं भेटली तर तिसऱ्या वाक्याला 'कुठल्या पेठेतलं?' येतं आणि सहाव्या वाक्यापर्यंत एखादा समाईक साडू निघतो. आम्ही 'अनोळखी वाटसरू' म्हणत होतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की आम्ही नऊ जण त्यांना ओळखत नाही.

आधी विचारावं असं पोराला सुचलं नाही, त्यात या शहराचाही हात आहे. कोल्हापूर कॅमेऱ्याला बिचकत नाही. बाबूराव पेंटरांनी 1917 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं काढली, कॅमेरा स्वतः बनवला. खरी कॉर्नरला दगडी कॅमेऱ्याचं स्मारकच आहे. 'प्रभात' 1929 मध्ये इथंच सुरू झाली आणि मग 1933 मध्ये पुण्याला गेली. जुन्या पेठांत प्रत्येक गल्लीत एखादे आजोबा सापडतात जे कुठल्याशा पिक्चरच्या गर्दीत मावळा म्हणून उभे होते. रस्त्यात कॅमेरा काढला की लोक चिडत नाहीत, "शूटिंग कशाचं हाय?" म्हणून जवळ येतात. पण जवळ येतात ते पुरुष, हे आम्ही कधी मोजलं नव्हतं.

आमच्यातल्या बँकवाल्यांना पहिली काळजी कायद्याची. गटाच्या ओळखीतल्या वकीलबाईंना त्याच रात्री गाठलं. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. भारतात सार्वजनिक जागी प्रौढ माणसाचा फोटो काढायला सरसकट बंदी नाही. भारतीय न्याय संहितेचं 77 वं कलम बाईच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रण करण्याबद्दल आहे. भर बाजारात बांगड्या भरणं त्यात बसत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं फोटो काढणाऱ्याचा, ज्याचा काढला त्याचा नव्हे. इथवर ऐकून बँकवाल्यांनी खुर्चीला पाठ टेकवली. मग वकीलबाई म्हणाल्या, 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय, आणि त्यात असंही म्हटलंय की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही; तो जागेला चिकटलेला नसतो, माणसाला असतो. 2023 चा डेटा संरक्षण कायदा निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती वापराला लागत नाही, पण प्रदर्शन लावून प्रिंटा विकायला ठेवल्यात, त्याला घरगुती कसं म्हणणार?

बाहेरच्या देशांतही याची उत्तरं एकसारखी नाहीत. न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डिकोर्शिया या छायाचित्रकारानं टाइम्स स्क्वेअरला वर दिवे बांधून, लांबून, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यातल्या एका कर्मठ ज्यू गृहस्थांनी धर्माचा दाखला देत दावा लावला. 2006 मध्ये ते हरले. कोर्टानं ती कला मानली. उलट कॅनडात, माँट्रिअलला पायऱ्यांवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा साधा, कसलीही बदनामी न करणारा फोटो एका कलाविषयक मासिकात आला, आणि 1998 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तिला 2000 डॉलरची भरपाई कायम केली. वकीलबाईंनी फाइल मिटली आणि विचारलं, "त्या बाई तुमच्यावर केस करणार आहेत का?" आम्ही म्हटलं, नाही. "मग मला कशाला विचारताय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांच्या माडीवर बैठक बसली. सगळ्यात आधी बोलला तो लेथवाल्यांतला थोरला, आणि त्याचं म्हणणं मला अजूनही हलकं वाटत नाही. तो म्हणाला, "हेरवाड आपल्याच जिल्ह्यातलं. 2022 च्या मे महिन्यात त्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारनं तेच परिपत्रक सगळ्या गावांना धाडलं. आणि आपण विधवेनं बांगड्या भरलेला फोटो दिराला घाबरून काढायचा? उलट दारातच लावूया, मोठा."

दोन-तीन माना हलल्या. मलाही क्षणभर पटलं. मग मास्तरांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या त्या दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, दारात फोटो तुम्ही लावणार, आणि त्या दिराच्या घरात भाकरी कुणी थापायची?" पुढं त्या विषयावर कुणी बोललं नाही.

चेहरा धूसर करायचं बँकवाल्यांनी सुचवलं. ते मीच मोडून काढलं. आपल्याकडं पेपरात धूसर चेहरा कुणाचा येतो? आरोपीचा, नाहीतर अत्याचार झालेल्या बाईचा. ज्यांनी आधी निमंत्रण पाहिलंय त्यांना तो धूसर डाग दिसला असता तर गावात नवी गोष्ट तयार झाली असती. फोटो गुपचूप उतरवावा हे सोपं होतं, पण निमंत्रण आमच्या हातात राहिलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर आपण पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो तोही दोन-अडीच दिवसांच्या आत, आणि दुसऱ्यांनी पुढं ढकललेल्या प्रतींना त्याचा काही उपयोग नाही. 'फोटो मागे घेत आहोत' असं जाहीर करणं म्हणजे ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनाही शोधायला लावणं. शेवटी मास्तरांनी तोडगा काढला. उद्घाटन साडेपाचचं होतं, ते सहाला केलं. 'वेळेत बदल' म्हणून नवं निमंत्रण सगळीकडं गेलं, त्यावर पहाटेच्या रंकाळ्याचा फोटो. जुनं आपोआप शिळं झालं. या सगळ्या प्रकरणात आम्ही केलेली ही एकच धूर्त गोष्ट, आणि तीच सगळ्यात कामाला आली.

तरीही बाईंना भेटायला हवं होतं. लेकीनं जागा ठरवली: मंदिराचा पूर्व दरवाजा, शुक्रवार. मी कुठलंसं हॉटेल सुचवलं होतं. ती म्हणाली, "नको सर. आईला देवळात बघितलं तर कुणी काय विचारत नाही." मी माझ्या बायकोला घेऊन गेलो, पोरगा आला. बाईंनी आधी पोराकडं निरखून बघितलं. "एवढासा हाय व्हय रं तू? मला वाटलं कोन मोठा मानूस आसंल."

पोरगा पाया पडायला वाकला तेव्हा त्या दोन पावलं मागं सरकल्या. मग त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं, तेही माझ्याकडं न बघता, माझ्या बायकोला. पुतणीचं लग्न होतं, तिच्यासाठी चुडा घ्यायला आल्या होत्या. माप बघायला कासारांनी विचारलं, हात केवढा, तर त्यांनी आपला हात पुढं केला. पुतणीचा नि त्यांचा हात सारखाच, दोन-सहा. कासार म्हणाले, "तुमीबी भरा की चार." त्या नको म्हणाल्या. ते म्हणाले, "आवो, काचच हाय ती." आणि त्यांनी भरल्या.

"रंकाळा स्टँडपतुर हातात हुत्या," त्या म्हणाल्या. "गाडी लागली तवा काढल्या आन रुमालात बांधल्या."

महाद्वार रोडवरून रंकाळा स्टँडपर्यंत चालत दहा मिनिटं, त्यात गाडीची वाट बघायचा वेळ. अर्ध्या तासाच्या बांगड्या. पोराचा कॅमेरा बरोबर त्या अर्ध्या तासावर येऊन पडला होता.

फोटोबद्दल त्यांची तक्रार नव्हती, यानं मी गोंधळलो. "फोटो वंगाळ न्हाई वो. लेकीनं दावला तवा माझं मलाच बरं वाटलं. हासताना आपण कशे दिसतो ते कुटं म्हाईत आसतंय?" मग थोडं थांबून, "पर त्ये नाव कुनी लिवलं?"

मी म्हटलं, "मी."

"त्ये वाचूनशान दीर हासले. म्हनाले, वैनींनी नवं सौभाग्य बघितलं वाटतं."

ते हसणं नुसतं टोचणारं नव्हतं. नवऱ्याच्या नावची तीसएक गुंठे जमीन, तिची वारस नोंद चालू होती. नोटीस लागली होती आणि हरकत घ्यायच्या 15 दिवसांतले काही दिवस उरले होते. कायद्यानं पाहिलं तर बाईनं उद्या खरंच दुसरं लग्न केलं तरी तिला वारसाहक्कानं आलेला नवऱ्याच्या मिळकतीतला हिस्सा जात नाही. पण दिराला निकाल जिंकायचा नव्हता. नुसती हरकत घातली की नोंद वादग्रस्त होते, मंडळ अधिकाऱ्याकडं जाते, तारखा पडतात. आणि तोवर पीककर्ज, सोसायटी, सगळं अडून राहतं. हरकतीत लिहायला त्याला कारण हवं होतं, ते मी एका शब्दात, सुंदर टाइपात, पुरवलं होतं.

नाव नसतं तर? 'महाद्वार रोड' एवढंच असतं तर फोटोत काय होतं? एक बाई, एक कासार, पुतणीच्या लग्नाची खरेदी. घरात कुणी विचारलं असतं तर 'माप देत हुतो' म्हणून विषय मिटला असता, आणि ते खरंही होतं. शिवाय माझ्या शब्दात कौतुक होतं, दोष नव्हता. एरवी नावाचा विचार आपण करतो तो शिवी, थट्टा, बदनामी टाळण्यापुरता. इथं तसलं काही नव्हतं. अपमान करायचा तर आधी माणूस बघावा लागतो, मी तेवढंही केलं नव्हतं.

काय करूया म्हणून विचारलं तर लेक म्हणाली, सगळंच काढा. आई म्हणाली, "हात तेवढं ऱ्हाऊ द्या." आम्ही परत विचारलं. "हात ऱ्हाऊ द्या. हाताला कोन वळखतंय?" आणि बांगड्यांचा पूर्ण फोटो, छोटा, पाकिटात बसेल असा, त्यांना हवा होता. पोरानं तो दुसऱ्याच दिवशी लेकीच्या कॉलेजवर नेऊन दिला. तो कुठं ठेवला ते आम्ही विचारलं नाही.

कापणी पोरानं माझ्यासमोर बसून केली. त्याचा जीव जात होता. 24 मेगापिक्सेलमधला चौथा हिस्सा उरला: 3000 गुणिले 2000 ठिपके. 12 गुणिले 18 इंचाच्या प्रिंटला इंचामागं जेमतेम 167. जवळून बघितलं तर रवाळ. कासारांचे दोन हात, बाईंचं मनगट, हिरवा डाग. चांगला फोटो होता. मूळच्यासारखा नव्हता आणि आम्ही तसं स्वतःला समजावतही बसलो नाही. खाली 'महाद्वार रोड' एवढंच, तारीखसुद्धा नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सव्वासहाला कासारअण्णा आले. पांढरा सदरा, टोपी, नातवाचा हात धरलेला. त्यांच्याबद्दल आम्ही कुणी विचारच केला नव्हता. बाईंना विचारायला पाहिजे होतं हे कळायला एवढं रामायण झालं, आणि त्याच चौकटीतला दुसरा माणूस नजरेतून सुटला, कारण तो दुकानदार, पुरुष, 'त्याला काय होतंय'. जुनं निमंत्रण त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्यांनी त्याची मोठी प्रत काढून चार दिवस ठेल्यावर लावली होती.

फोटोसमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "काय सर, आमचं तोंड कुठं गेलं?"

बाजूला नेऊन, बाईंचं नावगाव न सांगता, जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नातवाला पाणी प्यायला पाठवलं.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "हात हातात घेतला की कळतंय. रोजच्या वापरातल्या बांगड्यांचं वळ असतंय मनगटाला, त्यांचं बुजत आलेलं." मग म्हणाले, "आमच्यात बांगडी फुटली म्हणत न्हाईत, वाढवली म्हणत्यात. मग काय, म्हटलं वाढवलीया तर परत भरा की."

त्यांनी चार बांगड्यांचे पैसेही घेतले नव्हते. हे बाईंनी सांगितलं नव्हतं. ठेल्यावरचा कागद त्यांनी त्याच रात्री जाऊन काढला, आम्ही न सांगता.

हरकतीचे दिवस कोरडे गेले. नोंद झाली. त्याचं श्रेय आमच्या नव्या निमंत्रणाला द्यायचा मोह झाला होता, पण लेकीनं फोनवर सांगितलं की चुलत आजोबांनी दिराला चावडीवर चार माणसांत झापलं. फोटोचं काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही. गावात तोवर ऊसदराचा विषय पेटला होता.

गटात मात्र एकमत झालेलं नाही. लेथवाल्या थोरल्याचं अजूनही म्हणणं की विचारत बसलं तर रस्त्यावरची फोटोग्राफी मेली. विचारल्यावर माणूस पोज देतो. ते अर्धं खरं आहे. मी त्याला वॉकर एव्हान्सचं उदाहरण देतो. त्यानं 1938 ते 41 या काळात कोटात कॅमेरा लपवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या लोकांचे फोटो काढले, कुणालाही न विचारता. पण ते पुस्तकरूपानं आले 1966 मध्ये. तोवर प्रवासी म्हातारे झाले होते, घरं बदलली होती, त्या डब्यातल्या त्या संध्याकाळचं कुणाला काही देणंघेणं उरलं नव्हतं. आमच्या पोरानं फोटो काढला सव्वापाचला आणि जगाला दाखवला साडेनऊला. बाई तेव्हा बहुतेक घरी भांडी घासत असतील. आता आम्ही काढलेलं निदान सहा महिने बाहेर सोडत नाही. थोरला म्हणतो, सहा महिन्यांनी कोल्हापूर विसरतंय होय? त्यालाही उत्तर नाही.

पोरगा स्वतः बदलला तो वेगळ्याच दिशेनं. तो आता बटण दाबून झाल्यावर थांबतो, कॅमेऱ्याची मागची काच फिरवून समोरच्याला दाखवतो. दहातले दोन-तीन जण पुसायला लावतात, तो पुसतो. परवा एक फारच देखणा फोटो गंगावेशीत असाच गेला आणि आम्ही तिघं चहा पिताना त्याबद्दल हळहळलो. बायकांना दाखवताना तो आधी चार पावलं मागं सरकतो. त्याला ते कुणी शिकवलेलं नाही. फोटोंना नावं द्यायचं काम मी सोडलं. आता खाली फक्त जागा लिहितो आणि कधीकधी तीही नाही.

कासारअण्णांचं राहिलं होतं. त्यांचा चेहरा आमच्याकडं उधार होता. प्रदर्शन संपल्यावर पोरगा मुद्दाम त्यांच्या ठेल्यावर गेला. अण्णांनी त्याला अर्धा तास बसवून ठेवलं, घरून कोट मागवला, वरचं बटण लावलं, टोपी सारखी केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि लेन्समध्ये रोखून बघितलं. हात कामात नाहीत, उजेड डोक्यावरचा दुपारचा, चेहऱ्यावर निवडणुकीच्या पोस्टरचा भाव. पोरानं दोनदा सुचवून बघितलं की अण्णा, जरा बांगड्या भरताना. अण्णा म्हणाले, "ते रोजचंच हाय. हा काढ."

तो आता ठेल्यावर लावलाय, फ्रेम करून, मागच्या हिरव्या बांगड्यांच्या मधोमध.